घरचा फॉर्म

चहा फुंकून पिणाऱ्या माणसावर आमच्या आत्याबाईंचा विश्वास नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मला बघायला त्या टेंभुर्णीहून जालन्याला आमच्या घरी आल्या, तेव्हा आईनं सगळ्यांबरोबर मलाही चहा दिला. मी सवयीप्रमाणे तो बशीत ओतला, तीनदा फुंकर मारली आणि मग तोंडाला लावला. परत जाताना बसस्टँडवर त्या मुलाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी बराबर हाय. शिकलेली बी हाय. पण च्या फुंकून पेती." लग्न झालं ते या एका वैगुण्याकडे काणाडोळा करून. पुढची बावीस वर्षं त्यांनी ते मला विसरू दिलं नाही.

त्या स्वतः चहा कसा पीत हेही सांगायला हवं. पातेलं उतरलं की चहा सरळ स्टीलच्या पेल्यात. पेला पदराच्या टोकात धरायचा आणि वाफ डोळ्यांत जात असतानाच चार घोटांत संपवायचा. तो पेला मला हातात धरवत नसे. नव्या नवरीच्या भाबडेपणानं मी एकदा विचारलं होतं, "आत्याबाई, पोळत नाही का?" त्या म्हणाल्या, "थंड करत बसायला मला कवा येळ व्हता? तुम्ही बसा फुंकत." खरं तर उत्तर बिनतोड होतं. भाकरी थापणं आणि म्हशीची धार काढणं यांच्यामध्ये जेवढी फट मिळे, तेवढ्यात त्यांना चहा उरकायचा असे. आधी ती गरज होती, मग सवय झाली आणि वय वाढलं तसा त्या सवयीचा तोरा झाला. गावात त्यांच्या बरोबरीच्या बायका बसल्या की कोण किती कढत पितं यावर बढाया चालत.

हा चहा एक दिवस माझ्या नोकरीचा विषय होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत उगवण मोजायचं काम करत होते. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं कागद उलगडायचा आणि किती उगवले ते तक्त्यात लिहायचं. माझे तक्ते इतके नेटके असत की साहेब ते बाहेरून आलेल्या माणसांना दाखवत. मग कंपनीनं यंत्र आणलं आणि मी घरी बसले. त्याच सुमारास एका मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरबाईंना गावोगाव फिरून फॉर्म भरणाऱ्या बायका हव्या होत्या. माझा एक जुना तक्ता बघून त्यांनी मला जागेवरच घेतलं. म्हणाल्या, "इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही." मला गर्व झाला. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ त्या गर्वात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला. विषय होता अन्ननलिकेचा कॅन्सर. घास घशातून पोटात नेणारी जी नळी, तिचा. त्या म्हणाल्या, हा आजार सगळीकडे सारखा नसतो, त्याचे पट्टे असतात. इराणच्या एका भागात जास्त, चीनच्या काही भागांत जास्त, आपल्याकडे काश्मीरमध्ये आणि आसामात जास्त. कुठे उकळत्या चहावर संशय, कुठे सुपारीवर, कुठे तंबाखू आणि दारूच्या जोडीवर, कुठे ताटात फळं-भाजी नसण्यावर. आणि कुठे हे सगळं धरूनही हिशेब पुरता लागत नाही. आपल्या भागातून त्यांच्याकडे असे रुग्ण जरा जास्त येतात असं त्यांना वाटत होतं. ते खरं आहे की नुसता भास, हे घरोघर जाऊन विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. "ओढ्याच्या अलीकडच्या गावात चार माणसं आणि पलीकडे एकही नाही, असं का होतं, ते मला शोधायचंय," त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं. कोणत्या वाफ्यात काय उगवलं हे मोजण्यातच माझं आयुष्य गेलं होतं.

फॉर्मवर चौसष्ट प्रश्न होते. चूल की गॅस, भाकरी की पोळी, धान्य कशात साठवता, चहा किती वेळा आणि किती गरम, तंबाखू, बिडी, दारू. चौसष्टावा प्रश्न असा होता, 'घास गिळताना अडकल्यासारखं वाटतं का?' त्यावर डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "बाकीचे त्रेसष्ट माझ्या अभ्यासासाठी आहेत. हा एक त्या माणसासाठी आहे. याला 'हो' आलं की त्याच दिवशी मला फोन करायचा. अडकायला लागल्यावर लोक महिनोन्‌महिने ताकात भाकरी कुस्करून दिवस काढतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा पाणीही उतरत नसतं. लवकर आला तर माणूस हाताला लागतो." आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

चहाच्या प्रश्नासाठी प्रत्येकीला एक थर्मामीटर मिळाला होता. समोरच्या माणसानं नेहमीसारखा चहा घ्यायचा आणि तो पहिला घोट घेणार, त्या क्षणी "थांबा" म्हणून कपात थर्मामीटर बुडवायचा. ओठापर्यंत आलेला कप थांबवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. टेंभुर्णी माझं सासर म्हणून ते गाव मला दिलं होतं आणि सुनेनं असा कप अडवलेला तिथे कुणालाच रुचत नव्हता. एक आजोबा म्हणाले, "बाई, तोंडाचा घास काढणारे पाह्यले व्हते, च्या काढणारी तूच पहिली."

तिसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या हॉटेलात गेले आणि मोठी चूक केली. एका निवृत्त मास्तरांचा चहा मोजला आणि आकडा मोठ्यानं वाचला, "बासष्ट." शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "बासष्टच? मास्तरानं तर गारच पेला मंग. मला लावा." त्यांनी चौसष्टवर घोट घेतला. मास्तरांना ते सहन झालं नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला, "गाळला की जल्दी दे," असं बजावलं आणि अडुसष्टवर घोट घेऊन डोळ्यांत पाणी आणून बसले. मग जो तो आत येऊन रांगेत बसायला लागला. हॉटेलवाला स्टोव्ह मोठा करून एकेकाचा चहा जागेवर उकळून देत होता. मी वेडी, सगळ्यांचे आकडे सुवाच्य अक्षरात लिहीत होते. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं, "त्या गावात घसे आहेत की सायलेन्सर?" त्या दिवसाचे सगळे फॉर्म रद्द झाले. मास्तरांचा विक्रम मात्र गावानं रद्द केला नाही. पुढे ते मला भेटले की नुसता आकडा सांगत.

घराघरांत दुसरीच अडचण होती. मी दारात उभी राहिले की आधी चहा टाकला जाई. म्हणजे मी मोजत होते तो पाहुणीचा चहा, दूध जास्त, साखर जास्त, कानाच्या कपातून आणि बशीसकट. घरची बाई रोज पिते तो चहा वेगळाच होता, बिनदुधाचा, पेल्यातला, उभ्यानं प्यायलेला. हे माझ्या लक्षात यायला दहा दिवस आणि सव्वाशे कप लागले. त्यानंतर मी पाहुणचार आटोपला की म्हणायचे, "आता मी नाही असं समजून स्वतःपुरता करा." त्यावर एक बाई म्हणाली, "तुम्ही नसल्या तर मी करतच न्हाई. सगळ्यायचं झाल्यावर पातेल्यात उरतो तो पेते."

आणि मिसरी. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या किती बायका बोटानं दातांना चोळतात, ते मोजायला माझा तक्ता पुरला नसता. पण "तंबाखू खाता का?" विचारलं की प्रत्येक बाई कानाला हात लावी. "न्हाई बाई, बिलकुल न्हाई, आमच्या घरात तसलं कुणी न्हाई." बोट काळंभोर. "मग हे बोट?" "ते दात घासले." "आता? दुपारी तीन वाजता?" "जेवल्यावर घासावं लागत न्हाई का? तुम्हीच डॉक्टरलोक सांगता." मग मी तंबाखूचं विचारणंच सोडलं आणि दात दिवसातून किती वेळा घासता असं विचारायला लागले. कुणी चार वेळा, कुणी सहा वेळा. अशा दंतनिष्ठेचं गाव मराठवाड्यात दुसरं नसेल. डॉक्टरबाईंना माझी ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्यांना शिकवली. माझा गर्व आणखी दोन बोटं वर गेला.

आता घरचा फॉर्म.

घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली होती. टेंभुर्णीच्या यादीत आमचंही घर निघालं. तिथे आत्याबाई, धाकटे दीर आणि जाऊ राहतात. दीर दिवसभर शेतात, जाऊ अंगणवाडीत. म्हणजे दिवसा घरात आत्याबाई एकट्याच. नियम स्पष्ट होता, स्वतःच्या माणसाचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, कामावरच्या जोडीदारणीकडे द्यायचा. पण माझी जोडीदारीण तेव्हा तिकडे परतूर तालुक्यात आष्टीला होती, ती यायला आठवडा लागणार होता आणि मला शनिवारपर्यंत गाव पूर्ण करून दाखवायचं होतं. सगळ्यांच्या आधी.

मी ओसरीवर बसले. आत्याबाई समोर तूर निवडत होत्या. मी त्यांना काही विचारलंच नाही. बावीस वर्षं बघितलेल्या माणसाला विचारायचं काय? मी आपली भराभर लिहीत सुटले. गॅस. भाकरी. धान्य कोठीत. तंबाखूच्या प्रश्नावर पेन क्षणभर थांबलं. आत्याबाईंनी वर्षापूर्वी कवळी बसवली होती, आणि तरीही कवळी वाटीत काढून ठेवून त्या हिरड्यांना मिसरी लावत. म्हणजे आता घासायला दातही उरले नव्हते. पण हा फॉर्म डॉक्टरबाई वाचणार, ऑफिसातल्या पोरी वाचणार, आणि मीच त्यांना मिसरीवर युक्त्या शिकवणारी. मी लिहिलं, 'नाही.' चहा किती गरम? 'कोमट.' हे लिहिताना मला हसूसुद्धा आलं. बावीस वर्षांचा सूड म्हणून लिहिलं म्हणा ना. चौसष्टावा प्रश्न तर मी वाचलाही नाही, हात आपोआप 'नाही'वर गेला. सगळं मिळून दहा मिनिटं.

"काय लिहून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच. सही करा इथे."

त्या साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या होत्या आणि ती करायला त्यांना आवडे. सुपातली तूर बाजूला ठेवून त्यांनी हात पुसले आणि एकेक अक्षर कोरून काढलं. मग पेन परत देताना जरा थांबल्या. "झालं? सपलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "झालं." त्यांनी पुन्हा सूप ओढलं.

दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो. त्यांनी भाकरीचा बारीक चुरा केला, त्यावर दूध ओतलं आणि चमच्यानं ढवळत बसल्या. मी गमतीनं म्हटलं, "काय आत्याबाई, लहान बाळासारखा काला?" त्या म्हणाल्या, "दात न्हाईत, काय करू?" मी हसून मान डोलावली. दिवाळीतच त्यांनी मला कवळीनं फुटाणे फोडून दाखवले होते, हे मला त्या वेळी आठवलंही नाही. वहीतल्या त्या ओळीखाली दोन रेघा मारलेली बाई ती मीच.

शनिवारी टेंभुर्णीचा गठ्ठा मी सगळ्यात आधी जमा केला आणि शाबासकी घेतली.

डॉक्टरबाईंची एक पद्धत होती. जमा झालेल्या फॉर्ममधून त्या मनाला येतील ते चार-पाच काढत आणि त्या घरी पुन्हा जाऊन स्वतः विचारत. कुणाचे काढले ते आम्हाला सांगत नसत. एकोणीस दिवसांनी त्या मला गाडीत बसवून टेंभुर्णीला घेऊन गेल्या. पहिलं घर झालं, दुसरं झालं, मग गाडी ओळखीच्या गल्लीत वळली आणि आमच्या दारात उभी राहिली. "हे घर," डॉक्टरबाई म्हणाल्या. आडनाव बघूनही त्यांना कळलं नव्हतं, कारण आमच्या आडनावाची गावात निम्मी गल्ली आहे. मी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आत्याबाई एकट्याच होत्या. मोठ्या डॉक्टरबाई आपल्या बाजेवर बसल्यात म्हटल्यावर त्यांना स्फुरण चढलं. मला पाणी आणायला पाठवलं. मी तांब्या घेऊन आले तोवर डॉक्टरबाईंना कळलं होतं की ही सूनच आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि फॉर्मचं पहिलं पान उघडलं. मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"तंबाखू?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिनं काय लिव्हलं त्ये वाचा आधी."

"नाही, असं लिहिलंय."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं आता. पण त्या म्हणाल्या, "तशी न्हाईच म्हणा. मिसरी हाय फक्त. पाच येळा. सणाला सहा." डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.

"चहा कोमट, असं आहे इथे."

यावर आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "कोमट? माझ्या जल्मात कोमट?" मग त्यांनी स्वतः उठून चहा टाकला, पातेलं उतरवलं, पेल्यात ओतला आणि ओठाला लावताना आपणहून थांबल्या. "लावा तुमची कांडी." एकोणसत्तर. मास्तरांचा विक्रम मोडला होता. त्यांनी आकडा मला दोनदा म्हणायला लावला. मी म्हटला. डॉक्टरबाईही हसत होत्या, आणि मला क्षणभर वाटलं की निभावलं, हसण्यावारी निघून जाईल सगळं.

मग चौसष्टावा प्रश्न आला.

 पेल्यातला चहा आत्याबाईंनी प्यायला नव्हता, तो त्यांनी बाजेखाली ठेवला. मग म्हणाल्या, "अडकतो."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. आधी भाकर. मंग पोळी बी. आता भात बी कवा कवा हितं बसतो." त्यांनी छातीच्या मधोमध बोट लावलं.

"घरात कुणाला सांगितलं नाही?"

"सांगून काय करू? पोरं घाबरतेत. आन् ही तर गावाला इच्चारत फिरून राह्यली व्हती, घास अडकतो का, घास अडकतो का. गल्लीतल्या बायकायनं सांगितलं मला. मी म्हनलं, येईल आपल्या बी दारात. इच्चारल तवा सांगू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आली व्हती. इच्चारलंच न्हाई."

तांब्या माझ्या हातात तसाच होता. मला लाज वाटली. त्याआधी मला लाज वाटली असं मी पुष्कळदा म्हटलं असेल, पण ती ही नव्हती. यादीतल्या सगळ्या घरांत मी नेमाने विचारलेला प्रश्न एकाच घरात विचारला नव्हता. त्या सही करून पेन हातात धरून थांबल्या होत्या, "झालं? सपलं?" म्हणाल्या होत्या, ते मला आत्ता ऐकू आलं.

डॉक्टरबाईंनी तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी आत्याबाई संभाजीनगरला दवाखान्यात होत्या, ज्या शहराला त्या अजूनही औरंगाबादच म्हणतात. घशातून दुर्बीण घालायची म्हटल्यावर माझा नवरा पांढराफटक पडला. त्या म्हणाल्या, "भाकरीपेक्षा बारीक दिसती. जाईल." तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी जे यायला नको होतं तेच आलं. पण नळीच्या आतच होतं, पसरलेलं नव्हतं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." माझ्या नवऱ्यानं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. बायको याच कामावर आहे म्हणून वेळेवर कळलं, असं तो सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला. त्याला खरं सांगायला मला चार दिवस लागले. ऐकल्यावर तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला.

आत्याबाईंनी मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. आधी औषधं आणि किरणांचा शेक, मग मोठं ऑपरेशन, मधे आमच्या जालन्याच्या घरी मुक्काम. भेटायला येणाऱ्याला त्या माझ्यादेखत सांगत, "हिनंच पकडलं." आणि माझ्याकडे बघून असं हसत की मला जमिनीत जावंसं वाटे. ही शिक्षा त्यांनी फार विचार करून निवडली होती, असं माझं अजूनही मत आहे. एकदा मी न राहवून म्हटलं, "आत्याबाई, एकदा शिव्या तरी द्या." त्या म्हणाल्या, "आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं पाह्यचं वाकून. एवढंच म्हनते. जा, भात मऊ कर."

डॉक्टरबाईंना मी कामाचा राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "तुम्ही आता कुठलाच प्रश्न गाळणार नाही. अशी बाई मला परत कुठे मिळायची?" तो घरचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर फाडला. नवीन फॉर्म जोडीदारणीनं भरायचा होता. पण आत्याबाई अडून बसल्या. "हिच्याशिवाय म्या कुणाला सांगणार न्हाई. आजारी मानसाचं ऐकावं." डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुरता नियम वाकवला आणि जोडीदारणीला शेजारी साक्षीला बसवलं.

तो फॉर्म भरायला अडीच तास लागले. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण जिभेचं काही बिघडलं नव्हतं. पाणी कुठून आणता यावर त्यांनी गावातल्या विहिरींचा इतिहास सांगितला. चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला यावर एकेक वर्ष बोटांवर मोजलं, मधेच चुकल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मिसरीच्या प्रश्नावर म्हणाल्या, "लिही, पाच येळा. सोडली असं खाली लिही. आन् तुझ्या सासूची हाय असं बी लिही." मी लिहिलं. जोडीदारीण पदराआड हसत होती. मी एकदा वाकून पान उलटायला गेले तर म्हणाल्या, "घाई करू नको. दहा मिनटात व्हत न्हाई हे काम."

चौसष्टावा प्रश्न आला. मी वर बघितलं, त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि सावकाश विचारलं, "आत्याबाई, घास अडकतो का?"

त्यांनी खरंच विचार केला. "मऊ असला तर न्हाई. भाकर कवा कवा. थोडंथोडं खाल्लं तर बराबर जातं. असंच लिही, कमी-जास्ती करू नको." मी शब्दाला शब्द लिहिलं. मग त्यांनी सही केली. एकेक अक्षर पूर्वीसारखंच कोरलं, पण वेळ जास्त लागला.

पेन घेऊन मी आत गेले आणि त्यांचा चहा घेऊन आले, डॉक्टरांनी सांगितलेला, कोमट होईपर्यंत थांबून प्यायचा. स्टीलचा पेला कधीच बंद झाला होता. आता त्यांच्यासाठी बशी होती, आणि बशीशी त्यांचं पटत नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, फुंकर मारायला गाल फुगवले, पण दम पुरला नाही आणि बारीकसा ठसका लागला. मी थर्मामीटरसाठी पिशवीत हात घातला.

"ठेव ती कांडी," त्या म्हणाल्या आणि बशी माझ्यापुढे केली. "फुंक. इतक्या वर्साचा सराव हाय तुला."

मी फुंकर मारली. तीनदा, नेहमीसारखी. त्यांनी बशी परत घेतली, एक घोट घेतला, तो खाली उतरेपर्यंत थांबल्या आणि मग बशी पुन्हा माझ्यापुढे धरली.